रांगेबाहेरचा शब्द

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्तणुकीचा दाखला देण्याची चाल जुनी आहे. समजा, असा एखादा मुलगा गुणी, अभ्यासू व गुरुजनांचा आवडता आहे. नोकरीसाठीं किंवा पुढील शिक्षणासाठीं त्याला इंग्रजी दाखला हवा आहे. आणि दाखला लिहिणाऱ्यानें मोठ्या मायेनें त्यांत लिहिलें कीं, या मुलाची वर्तणूक ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ होती. लिहिणाऱ्याचा हेतु एवढाच कीं, हा मुलगा इतरांहून सरस आहे हें वाचणाऱ्याला कळावें. परंतु ज्याची जन्मभाषा इंग्रजी आहे असा गृहस्थ तो दाखला वाचतांना त्या शब्दापाशीं थबकेल. या मुलानें शाळेंत असें काय बरें केलें असावें, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहील. लिहिणाऱ्यानें हार म्हणून जें गळ्यांत घातलें, तें वाचणाऱ्याला गळ्यांत अडकविलेली पाटी वाटावें, असा हा प्रकार आहे. हेतु शुद्ध, शब्द मोठा, आणि नुकसान मात्र मुलाचें.

असें कां व्हावें, हें समजण्यास या विशेषणाची घडण पाहिली पाहिजे. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. लॅटिनमध्यें ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर, आणि ‘ओर्डो’ म्हणजे रांग, ओळ किंवा क्रम. या ‘ओर्डो’वरूनच ऑर्डर आणि ऑर्डिनरी हे शब्द आले; जें नेहमींच्या रांगेंत बसतें तें ऑर्डिनरी, आणि जें रांगेच्या बाहेर आहे तें एक्स्ट्राऑर्डिनरी. इंग्रजींत हा शब्द पंधराव्या शतकांत आला, तो हाच साधा अर्थ घेऊन आला.

आपल्याकडील विद्यार्थ्याची अडचण येथूनच सुरू होते. मराठी बोलण्यांत ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा. शाळेंत एक्स्ट्रा तास असतो, उपाहारगृहांत एक्स्ट्रा पाव मागतात, चहांत एक्स्ट्रा साखर टाकतात. या हिशेबानें एक्स्ट्राऑर्डिनरी म्हणजे जादा साधारण, म्हणजे फारच सामान्य, असा अर्थ व्हावयास हवा. आणि चौकस मुलगा ही शंका विचारतोही. त्याची शंका वेडगळ नाहीं. इंग्रजींतच हे दोन शब्द निरनिराळे लिहिले, तर ‘अधिकच साधारण’ असा अर्थ निघूं शकतो. म्हणून या तेरा अक्षरांत कोठेंही जागा सोडावयाची नाहीं, हा पहिला नियम. दुसरा नियम उच्चाराचा. विलायतेंतील नेहमींच्या उच्चारांत ‘एक्स्ट्रा’मधील शेवटचा स्वर पुढील स्वरांत विरघळतो, आणि ‘इक्‌स्ट्रॉडिनरी’ असें कांहींसें कानीं पडतें. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशांतही या विरघळण्याची नोंद केलेली आहे; म्हणजे हा कांहीं आजचा आळस नव्हे.

जॉन्सनच्या कोशांतील अर्थांचा क्रमही लक्षांत ठेवण्यासारखा आहे. प्रथम अर्थ दिला आहे तो नेहमींच्या क्रमाहून वेगळें, असा. थोर किंवा लक्षणीय हा अर्थ त्याच्या मागून येतो. मराठी विद्यार्थ्याच्या मनांत हा क्रम नेमका उलटा बसलेला असतो. तो स्तुति प्रथम शिकतो आणि वेगळेपण कधीं शिकतच नाहीं. वास्तविक हें विशेषण स्वतः स्तुतीही करीत नाहीं आणि निंदाही करीत नाहीं. कवाईतीच्या वेळीं मास्तरांनीं एखाद्या मुलाला रांगेबाहेर बोलाविलें, तर तें बक्षिसासाठीं कीं छडीसाठीं, हें केवळ रांगेबाहेर येण्यावरून ठरत नाहीं. पुढील गोष्ट ठाऊक असावी लागते. एक्स्ट्राऑर्डिनरी हा शब्द मुलाला रांगेबाहेर आणून उभा करतो आणि तेथेंच थांबतो.

रांगेची ही उपमा मुद्दाम जुळविलेली नाहीं. या शब्दाचा लष्कराशीं खरोखरीच जुना संबंध आहे. रोमन सैन्याचें वर्णन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस यानें करून ठेविलें आहे. रोमच्या मित्रराज्यांकडून जी फौज येई, तिच्या घोडदळांतून सुमारें तिसरा आणि पायदळांतून सुमारें पांचवा हिस्सा निवडून वेगळा काढीत. या निवडक शिपायांना लॅटिनमध्यें ‘एक्स्ट्राऑर्डिनारी’ हेंच नांव होतें, आणि छावणींत त्यांची जागा सेनापतीच्या निकट असे. येथें रांगेबाहेर काढणें हें मानाचें होतें. पण तो मान निवडीमुळें आला होता, शब्दामुळें नव्हे.

कचेरीच्या भाषेंत तर या शब्दाचा मूळ अर्थ आजही जसाच्या तसा जिवंत आहे. राजपत्राचे नेहमींचे अंक ठरल्या वेळीं निघतात. जी अधिसूचना तेथवर थांबूं शकत नाहीं तिच्यासाठीं असाधारण अंक निघतो. त्यांतील मजकूर रुक्ष असला तरी अंक असाधारणच. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजीं झाली, तेव्हां सेनापति वेलिंग्टन याचा खलिता २२ जून रोजीं लंडनच्या गॅझेटाच्या अशाच असाधारण अंकांत छापला गेला. तेथें बातमीही असाधारण होती आणि अंकही. पण अंकाला तें नांव मिळालें तें नेमलेला दिवस सोडून निघाल्यामुळें. कंपन्यांच्या कारभारांत वर्षाची नेमलेली सभा सोडून मध्येंच जी सभा बोलावितात तिला ‘असाधारण सर्वसाधारण सभा’ म्हणतात. हें नांव वाचून हसूं येतें, परंतु त्याचा अर्थ सरळ आहे : सभा सर्व सभासदांची, पण नेहमींच्या क्रमाबाहेरची. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या सनदेंत ‘ऑर्डिनरी’ आणि ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ असे मूळ दिवाणी अधिकाराचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं दुसरा म्हणजे खालच्या न्यायालयांतील दावा आपल्याकडे ओढून घेऊन चालविण्याचा अधिकार. आणि सरकारी नोकराला दुसरी कोणतीही रजा शिल्लक नसतांना जी बिनपगारी रजा मिळते तिचेंही नांव असाधारण रजाच. महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांतही ती आहे. ज्यानें ती एकदां घेतली आहे, त्याला हें विशेषण स्तुतीचें नाहीं हें वेगळें शिकवावें लागत नाहीं.

उलट ‘ऑर्डिनरी’ हा शब्दही नेहमींच हलका नसतो. इंग्लंडांत १८७६ च्या कायद्यानें जे अत्यंत वरिष्ठ न्यायाधीश नेमले जाऊं लागले आणि २००९ पर्यंत तेथील शेवटचीं अपिलें ऐकत होते, त्यांच्या पदनामांतच ‘इन ऑर्डिनरी’ हे शब्द होते. त्यांचा अर्थ कायम नेमणुकीचे, असा. जर्मन भाषेच्या विद्यापीठांत तर हा क्रम मराठी कानाला अगदींच उलटा वाटतो. तेथें साधारण प्राध्यापक हा वरचा आणि असाधारण प्राध्यापक हा खालचा. आल्बर्ट आइन्स्टाइन १९०९ सालीं झुरिच विद्यापीठांत असाधारण प्राध्यापक झाला. पुढें १९११ सालीं प्राग येथील जर्मन विद्यापीठानें त्याला साधारण प्राध्यापक केलें. ही त्याची बढती होती! ज्याच्या बुद्धीला असाधारण हें विशेषण निर्विवाद शोभतें, त्याला विद्यापीठानें असाधारणांतून काढून साधारणांत बसविलें आणि त्याचे पगार व मान वाढविले. शब्दाचा पदांतील अर्थ एक आणि प्रशंसेंतील अर्थ दुसरा, हें याहून स्वच्छ कोणत्या उदाहरणानें दिसणार?

आतां प्रशंसेच्या अर्थाकडे वळूं. हा अर्थ खोटा नाहीं, आणि गेलीं कित्येक शतकें तो रूढ आहे. एक्स्ट्राऑर्डिनरी स्मरणशक्ति, धैर्य, सौंदर्य असें म्हटलें, तर ती स्तुतीच होते. कारण हे गुणच असे आहेत कीं, ते नेहमींच्या मापाबाहेर गेले तर माणसाला आनंदच होतो. परंतु वर्तणूक, विधान, भाषा, पोशाख, पत्र अशा शब्दांशीं हें विशेषण जोडलें, कीं वाक्याला संशयाची छटा येते. कारण या गोष्टींत रांगेंत असणें हाच सामान्यतः गुण समजला जातो. वर्तणुकीच्या दाखल्यांतील अपघात नेमका या ठिकाणीं घडतो. इंग्रज मनुष्य एखादें विचित्र पत्र वाचून नुसतें ‘एक्स्ट्राऑर्डिनरी!’ असें उद्गारतो, तेव्हां त्यांत आश्चर्य असतें, कित्येकदां नापसंती असते, आणि आदर असलाच तर थोडा असतो. मराठीला ही छटा परकी नाहीं. ‘कमाल आहे तुमची!’ हें वाक्य परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुलालाही म्हणतात, आणि लग्नाची तारीख विसरलेल्या यजमानालाही. ‘विलक्षण माणूस आहे!’ या उद्गारांतही तोच दुहेरीपणा आहे. ऐकणारा आवाजावरून अर्थ ओळखतो. दाखल्याला मात्र आवाज नसतो.

पुस्तकांच्या नांवांतही हा दुहेरीपणा दिसतो. चार्ल्स मॅके यानें १८४१ सालीं लोकसमुदायाच्या भ्रमांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांत या भ्रमांना हेंच विशेषण लाविलें आहे. हॉलंडांत ट्यूलिपच्या कंदांसाठीं लोक कसे वेडावले होते, याची हकीकत त्यांत आहे. तेथें स्तुतीचा लवलेश नाहीं. उलट फ्रेंच कादंबरीकार जूल व्हर्न याच्या कथामालेला ‘असाधारण प्रवास’ या अर्थाचें नांव होतें. ऐंशीं दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा त्याचा नायक मुंबई बंदरांत उतरतो, तीही कथा त्याच मालेंतील आहे. तेथें या शब्दांत कुतूहल आहे आणि उत्साह आहे.

जवळच्या शब्दांशीं याची गल्लत होऊं नये म्हणून चार शब्द सांगणें अवश्य आहे. ‘अनयूझ्वल’ म्हणजे केवळ नित्याचें नसलेलें. उन्हाळ्यांत पाऊस पडला तर तो अनयूझ्वल. ‘एक्सेप्शनल’ म्हणजे नियमाला अपवाद असलेलें. त्यामागें एखादा नियम गृहीत असतो. ‘रिमार्केबल’ म्हणजे नोंद घेण्याजोगें. ‘युनीक’ म्हणजे एकमेव. त्याला अधिक किंवा कमी असें कांहीं लावूं नये, असें काटेकोर लेखक मानतात. एक्स्ट्राऑर्डिनरी हा या सर्वांत जोरकस. म्हणून तो मिठासारखा वापरावा, पिठासारखा नव्हे. शिवाय पदांच्या नांवांत हें विशेषण नामाच्या मागून येतें, जसें राजदूताच्या पदनामांत. इतरत्र तें नामाच्या आधीं येतें.

हा जोर किती मोलाचा आहे, हें अमेरिकेच्या कायद्यांत पाहावें. तेथें १९९० च्या कायद्यानें असाधारण कर्तृत्वाच्या परदेशी माणसांसाठीं परवान्याचे वेगळे वर्ग केले आहेत. हिंदुस्थानांतून तेथें गेलेल्या शास्त्रज्ञांना आणि कलावंतांना, त्यांत मराठी माणसेंही आलींच, हा शब्द या वाटेनें ओळखीचा झाला आहे. कायमच्या वास्तव्यासाठीं जो अर्ज करावयाचा, त्याच्या नियमांप्रमाणें आपल्या क्षेत्राच्या अगदीं शिखरावर पोंचलेल्या मोजक्या लोकांपैकीं आपण आहोंत असें अर्जदारानें दाखवावें लागतें. आणि एखादें जगन्मान्य पारितोषिक पदरीं नसेल, तर दहा प्रकारच्या पुराव्यांपैकीं निदान तीन प्रकारचे पुरावे द्यावे लागतात. स्वतःला असाधारण म्हणवून घेणें सोपें. तें सिद्ध करतांना इतर सर्व लोक कोठें उभे आहेत, हें आधीं दाखवावें लागतें.

येथेंच या शब्दाचें मर्म आहे, आणि आपल्या भाषेनें तें फार पूर्वीं ओळखलें आहे. मराठींत थोरवी सांगणारे शब्द पाहावे : असाधारण, असामान्य, अलौकिक, अपूर्व, अनुपम, अद्वितीय, अमोल. प्रत्येकाच्या आरंभीं नकार आहे. जें साधारण नाहीं, लौकिक नाहीं, पूर्वीं झालें नाहीं, ज्याला उपमा नाहीं, दुसरें नाहीं, मोल नाहीं. थोर वस्तु काय आहे हें हे शब्द सांगत नाहींत. ती काय नाहीं एवढेंच सांगतात. अर्थात् ज्याला साधारण काय तें ठाऊक नाहीं, त्याच्या तोंडीं असाधारण हा शब्द पोकळ होय. न्यायशास्त्रानें तर याचा नियमच केला आहे. वस्तूचें लक्षण म्हणजे तिचा असाधारण धर्म, म्हणजे जो तिच्याच ठिकाणीं सांपडतो तो. गाईचें लक्षण तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी. परंतु अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत ‘असाधारण’ नांवाचा एक हेत्वाभासही आहे. शब्द नित्य आहे, कारण त्याच्या ठिकाणीं शब्दत्व आहे, असें कोणी म्हटलें तर कांहींच सिद्ध होत नाहीं. कारण शब्दत्व शब्दावांचून दुसरीकडे कोठेंच नाहीं, मग पडताळा कशाशीं पाहावयाचा? जें एकटें आहे, त्याच्या जोरावर कांहीं सिद्ध करतां येत नाहीं. असाधारणालाही साधारणाचा शेजार लागतो.

हा शेजार सुटला म्हणजे प्रथम शब्द बिघडतो. राजदूतांचें उदाहरण घ्यावें. पूर्वीं युरोपांत परक्या दरबारीं कायम राहणारा वकील हा साधारण, आणि विशेष कामगिरीवर जाणारा तो असाधारण, असा भेद होता. असाधारणाला मान अधिक मिळूं लागला, तेव्हां प्रत्येकाला तेंच पद हवेंसें झालें. अखेर १८१५ सालीं व्हिएन्ना येथें राष्ट्रांनीं ठरविलें कीं, असाधारण कामगिरीमुळें कोणाचा दर्जा वर चढत नाहीं. आज हिंदुस्थानचा कोणताही राजदूत आपल्या पदनामांत ‘असाधारण व पूर्णाधिकारी’ असतो, आणि इतर देशांचेही तसेच. सर्वच रांगेबाहेर आले, तेव्हां बाहेर नवी रांग तयार झाली. स्तुतीच्या भाषेंतही हेंच घडतें. प्रत्येक व्याख्यान, प्रत्येक चित्रपट आणि प्रत्येक जेवण एक्स्ट्राऑर्डिनरी ठरूं लागलें, म्हणजे खरोखरीच्या थोर कृत्यासाठीं भाषेच्या भात्यांत बाण उरत नाहीं.

परंतु शब्द बिघडण्याहून मोठी हानि आहे, ती राज्यें बिघडण्याची. इ. स. पूर्व ६७ मध्यें चाच्यांनीं भूमध्य समुद्रावर धुमाकूळ घातला, तेव्हां रोमन लोकांनीं पाँपे या सेनापतीला क्रम सोडून, सबंध समुद्रावर आणि किनाऱ्यापासून पन्नास मैल आंतपर्यंत तीन वर्षांसाठीं अधिकार दिला. त्यानें सुमारें तीन महिन्यांत समुद्र निर्वेध केला. काम उत्तम झालें. म्हणून पुढल्याच वर्षीं तसाच दुसरा अधिकार त्याला मिळाला. अशा रांगेबाहेरच्या अधिकारांची रोमला संवय लागली, आणि पुढें चाळीस वर्षांच्या आंत तेथें एकट्या ऑगस्टसची सत्ता स्थिर झाली. त्यांच्या न्यायदानाचीही तीच गत. नेहमींची पद्धत बाजूला ठेवून अधिकाऱ्यानें स्वतःच दावा चालवावयाचा, या रीतीला ते ‘एक्स्ट्रा ओर्डिनेम’ म्हणत. ती इतकी फैलावली कीं, इ. स. ३४२ मध्यें जुनी पद्धत बादशाही हुकुमानें बंद झाली आणि असाधारण तेवढें उरलें. विसाव्या शतकांत रशियांत डिसेंबर १९१७ मध्यें जें गुप्त पोलिसखातें निघालें, त्याचें ‘चेका’ हें नांव ‘असाधारण मंडळ’ या अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांचें आहे. तें मंडळ १९२२ मध्यें मोडलें, पण त्याचें काम नव्या नांवाच्या खात्यानें पुढें चालविलें. नांवांतील असाधारण गेलें आणि कृति मात्र साधारण होऊन बसली.

म्हणून हें विशेषण कोठेंही भेटलें, दाखल्यांत, वर्तमानपत्रांत कीं कायद्यांत, तर वाचकानें एकच प्रश्न विचारावा : रांग कोणती, आणि हा तिच्या बाहेर कोठें उभा आहे? प्रश्नाला उत्तर मिळालें तर शब्द खरा. न मिळालें तर तो केवळ मोठा आवाज होय, किंवा त्याच्या आड कांहीं झांकलेलें आहे.

राहिला तो शाळा सोडून जाणारा मुलगा. त्याच्या दाखल्यांत वर्तणूक चांगली, एवढाच साधा शब्द लिहावा. तो कमी पडत नाहीं. आणि लिहिणाऱ्याला अधिक सांगावेंसें वाटत असेल, तर त्यानें विशेषण न शोधतां गोष्ट सांगावी : हा मुलगा रोज दोन कोस चालून येत असे आणि चार वर्षांत एकदांही उशिरा आला नाहीं. वाचणारा तें वाचील, आणि इंग्रजींतला तो तेरा अक्षरांचा शब्द आपण होऊन मनांत म्हणेल.